गोळ्या मोजल्या त्याबद्दल

विटा,
१५ जून २०२५

चि. विशाल,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल पुण्याच्या गाडीत चढताना तू माझ्याकडे बघितलं नाहीस. आईच्या पाया पडलास, जिजीच्या पडलास, आणि माझी वेळ आली तेव्हा पिशवी उचललीस. गाडी कडेगावच्या रस्त्याला लागेपर्यंत मी स्टँडवर उभा होतो. त्याच फलाटावरून तेहतीस वर्षं कंडक्टर म्हणून डबल बेल दिली, दुसऱ्यांची पोरं स्वारगेटला नेऊन सोडली. खाली उभ्या राहिलेल्या माणसांकडे तेव्हा कधी नीट बघितलं नव्हतं.

तुझा राग बरोबर आहे. तू अंघोळीला गेलास आणि मी तुझी बॅग उघडून स्किझोफ्रेनियाच्या, क्लोझापिनच्या गोळ्या मोजल्या. तू टॉवेल न्यायला परत आलास आणि मी पाकिटं हातात घेऊन बसलेला सापडलो. "अण्णा, मी काय विनातिकीट आहे का?" एवढंच म्हणालास. त्यावर मी आवाज चढवला. तो चढवायला नको होता. चूक माझी असताना ओरडलोही मीच.

एक सांगतो. मोजल्या तेव्हा सगळ्या बरोबर निघाल्या. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

हे पत्र गोळ्यांवर लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे. खोलीत पंखा आहे का, मेसची भाकरी कशी आहे, ऑफिसात टॅलीवर बसवतात की नुसती बिलं लावायला देतात, हे विचारायचं आहे. पण एक गोष्ट काल भांडणात राहून गेली, ती आधी सांगून टाकतो. एखाद्या रात्री गोळी चुकली तर दुसऱ्या रात्री दुप्पट घ्यायची नाही, नेहमीचीच घ्यायची. आणि दोन दिवस चुकली, म्हणजे शेवटच्या गोळीला अठ्ठेचाळीस तास उलटून गेले, तर मात्र नेहमीची अडीचशे मिलिग्रॅमची घ्यायचीच नाही. आधी डॉक्टरांना फोन करायचा. ते साडेबारा मिलिग्रॅमपासून डोस परत चढवतील. तुला माहीत आहे. तरी लिहिलं.

का लिहिलं तेही सांगतो. गेल्या वर्षी आत्याकडे मंगळवेढ्याला लग्नाला गेलो तेव्हा औषधाची पिशवी घरीच खुंटीला राहिली. तीन रात्री गेल्या. रविवारी परत आल्याबरोबर तुला तेव्हाची पूर्ण तीनशेची गोळी कोणी दिली? मी दिली. मला वाटलं, राहिलेलं भरून काढू. पहाटे तू उठलास आणि मोरीच्या उंबऱ्यावर पडलास. कपाळाला चार टाके पडले. तू सगळ्यांना पाय घसरला म्हणून सांगितलंस. डॉक्टरांना मी खरं सांगितलं. ते म्हणाले, इतक्या खंडानंतर शरीराची सवय मोडलेली असते, एकदम पूर्ण डोस गेला की रक्तदाब पडतो, फिटही येऊ शकते, थोडक्यात निभावलं. तुझ्या आईला हे मी आजतागायत सांगितलेलं नाही. तूही सांगितलं नाहीस. काल पाकिटं मोजत होतो तेव्हा तुझ्यावर संशय नव्हता रे. मला तो उंबरा दिसत होता.

आता मागचं निघालंच आहे तर आणखी मागचं लिहितो. तोंडाने मला ते कधी जमलं नसतं.

२०१९ च्या पावसाळ्यात तू औषध घ्यायला तयार नव्हतास. पहिल्या डॉक्टरांनी पातळ औषध दिलं होतं, रंग नाही, वास नाही. ते मी तुझ्या ताकात घालत होतो. आई नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. त्या दिवसांत तुझं एकच म्हणणं असायचं, माझ्या जेवणात कोणीतरी काहीतरी घालतंय. आम्ही तुला समजावत होतो की बाळा, हा आजार आहे, असं कोणी करत नाही. आणि मी खरोखरच घालत होतो. तांदळाच्या डब्यामागे तुला बाटली सापडली. त्यानंतर अकरा दिवस तू घरात शिजलेलं काही खाल्लं नाहीस. केळी आणि पाकीटबंद बिस्किटं. स्वतः सोलायचास, स्वतः फोडायचास. मी दारात उभा राहून बघायचो. तुझा विश्वास आजाराने जेवढा मोडला असेल त्यापेक्षा जास्त माझ्या त्या ताकाने मोडला, असं मला वाटतं. त्याची माफी कधी मागितली नव्हती. आज मागतो.

म्हणून मिरजेच्या डॉक्टरांचा तो दिवस मी विसरत नाही. दोन औषधं पुरेशा डोसला, पुरेसे दिवस देऊन झाली होती. तुला ऐकू येणारे आवाज कमी होत नव्हते. त्यांनी खुर्ची तुझ्याकडे वळवली आणि क्लोझापिनचं सगळं तुलाच सांगितलं. १९७५ साली फिनलंडमध्ये याच औषधाने पांढऱ्या पेशी संपून आठ माणसं दगावली, बऱ्याच देशांनी ते बंद केलं. मग अमेरिकेत दुसऱ्या कशानेच बरं न वाटणाऱ्या पेशंटवर चाचणी झाली. तिचे निकाल १९८८ ला आले. जुन्या औषधाने शंभरात चार सुधारले, याने तीस. १९८९ ला तिथे परवानगी मिळाली, पण रक्त तपासत राहायचं या अटीवर. "रक्त तुझं, सुई तुला, म्हणून होय-नाही तू म्हणायचं," असं ते म्हणाले. तू दोन दिवस मागून घेतलेस. तिसऱ्या दिवशी स्वतः फोन लावलास. बाहेर पायरीवर बसून मी ऐकत होतो. इतक्या वर्षांत तुझ्यासाठी देवाला बरंच काही मागितलं, ताईतही बांधले, पण तुझं ते "घेतो सर, सुरू करा" ऐकल्यावर मला जे वाटलं ते कुठल्या देवळात वाटलं नाही.

मग अठरा आठवडे दर मंगळवारी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. पुढे वर्ष होईपर्यंत पंधरवड्याला, आता महिन्याला. तो आकडा मी वेबिलासारखा वहीत मांडत आलो. तारीख, एकूण पांढऱ्या पेशी, त्यातले न्यूट्रोफिल. ती वही चटणीच्या पिशवीत घालून ताईकडे पाठवतो आहे. तू वापर किंवा वापरू नकोस. सगळं चांगलं चाललंय म्हणून महिन्याची तपासणी टाळायची मात्र नाही. आणि मधेच ताप आला, घसा धरला, तोंडात फोड आले, तर मेडिकलवाल्याची गोळी घेऊन पडून राहायचं नाही. त्याच दिवशी रक्त द्यायचं. न्यूट्रोफिल दीड हजाराच्या खाली दिसले तर लगेच डॉक्टरांना कळवायचं.

मेडिकलवरून आठवलं. जुलाब झाले की दुकानदार न विचारता सिप्रो ही अँटिबायोटिक गोळी हातात ठेवतो. ती घ्यायची नाही. ती तुझ्या गोळीला शरीराबाहेर जाऊ देत नाही, रक्तातलं प्रमाण वाढतं. कुठलंही दुसरं औषध घेण्याआधी "मी क्लोझापिनवर आहे" हे वाक्य बोलायचं. लाज वाटली तर चिठ्ठी पुढे कर.

बघ, उपदेश सुरू झाला. आई आत्ता मागून वाचून गेली आणि म्हणाली, पोराला पत्र लिहिताय की डेपोचं परिपत्रक.

पण सिगारेटचं लिहावंच लागेल. डिसेंबरात तुला न्यूमोनिया झाला, दवाखान्यात सहा दिवस एकही ओढता आली नाही. मला बरंच वाटलं होतं. चौथ्या दिवशी तू हाक मारून उठेनास, उशी लाळेने भिजली, बोलताना जीभ जड. तेव्हा कळलं की सिगारेट-बिडीच्या धुराने यकृत या औषधाचा निचरा भरभर करतं. धूर थांबला की निचरा मंदावतो, गोळी तेवढीच राहून रक्तात औषध चढतं. वर जंतुसंसर्गानेही चढतं. दोन्ही एकदमच झालं. डॉक्टरांनी तीनशेवरून अडीचशेवर आणलं ते त्यामुळे. आता खोलीवरच्या पोरांबरोबर तू परत सुरू केलीस तर उलटं होईल. तीच अडीचशे कमी पडेल आणि आवाज परत येतील. मी रागावणार नाही, शपथ घेतो. पण ओढायला लागलास तर डॉक्टरांपासून लपवू नकोस. सोडलीस तरी सांग. चहा-कॉफीचंही तसंच, दिवसाला दोनचे आठ कप एकदम करू नकोस.

आणि पोट. हे तुला बोलायला आवडत नाही, मलाही नाही. पण याने आतड्याची हालचाल मंदावते आणि माणसं त्यातून दगावलीही आहेत. जिजीने इसबगोलाचा डबा दिलाय. त्यावर भिस्त ठेवू नकोस, आतडंच मंद असेल तर भुसा आत फुगून बसतो. डॉक्टरांनी लिहून दिलेलं सिरप घे. पोट फुगलं, दुखलं, उलटी झाली, तीन दिवस साफ झालं नाही, तर ऑफिस सोडून सरळ दवाखाना. जिजीला सांगू नकोस, डबा तिने फार प्रेमाने भरला आहे.

वजन, साखर तपासायचं ते तू करतोसच.

उशीचे सहा अभ्रे आईने शिवून दिले आहेत, गडद निळे. रात्री लाळ गळते म्हणून तू कोणाच्या खोलीत झोपायचा नाहीस. कराडच्या वऱ्हाडात रात्रभर खुर्चीवर बसून काढलीस. मला ते कळलं होतं, बोललो नाही. आता तीन पोरांबरोबर राहायचं आहे. त्यांना सगळं सांग असं म्हणत नाही. एकाला सांग. सकाळी उठला नाहीस तर हाक मारणारं, तुझी गोळी कुठली ते माहीत असलेलं एक माणूस जवळ असावं. कोण, ते तू ठरव.

पुण्यात 'सा' म्हणून संस्था आहे, स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, १९९७ सालची. घरातच हा आजार बघितलेल्या जगन्नाथ वाणींनी काढली. तिथे हा आजार असलेली माणसं आणि त्यांच्या घरची माणसं एकत्र बसून बोलतात असं ऐकलं. तुला वाटलं तर जा. मला यायला आवडेल. तू नको म्हणालास तर येणार नाही.

तू प्रतिनिधी म्हणून ताईचं नाव लिहिलंस हे मला दाजींकडून कळलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटला आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो, तो बाप असलाच पाहिजे असं नाही. पुढे कधी बिघडलं तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, हेही आधी लिहून ठेवता येतं. कळल्यावर मला लागलं, खोटं कशाला बोलू. दोन रात्री झोप नव्हती. मग तू लिहिलेला कागद ताईने दाखवला. पहिलंच वाक्य होतं, "मला न सांगता माझ्या अन्नात औषध घालू नये." पुढचं मला वाचवलं नाही. तुझा कागद बरोबर आहे. तसाच ठेव.

अक्षर किती सुंदर आहे रे तुझं अजून. २०२१ मध्ये हात थरथरायचा, पोस्टात सही जुळत नव्हती, आठवतं? आणि परवा मुलाखतीला तू एकटा गेलास, एकटा आलास, येताना आईला फुलं आणलीस. शेजारच्या पाटलांना मी चारदा सांगितलं. पाचव्यांदा सांगणार होतो, आईने थांबवलं.

बरं वाटतंय म्हणून बंद करायचा विचार मनात येईल. येणारच. माझ्या मनात तुझ्यासाठी येतो. कधीतरी डोस कमी करायचं बोलता येईल, पण डॉक्टरांपुढे बसून, हळूहळू. एकदम सोडलं तर आजार फार वेगाने उलटतो, असं त्यांनी दोनदा सांगितलंय. दोन दिवसांचं तर वर लिहिलंच आहे.

मंगळवारी सीबीसी आहे. रिपोर्टचा फोटो पाठव असं लिहिणार होतो. नको पाठवूस. रविवारी फोन कर, मेसमध्ये काय होतं ते सांग. मी आकडा विचारणार नाही. विचारलाच तर सांगू नकोस.

तुझा,
अण्णा

ता. क. चटणीच्या बरणीला आईने दोन पिशव्या बांधल्या आहेत, तरी आडवी ठेवू नकोस, तेल गळेल. वहीच्या पुठ्ठ्यावर आतून डॉक्टरांचा नंबर लिहिला आहे, रात्री लावला तरी चालेल असं त्यांनी सांगितलंय. त्यांनी नाही उचलला तर टेलि-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. ते नाही लागलं तर मी. मी फोन उशाशी घेऊन झोपतो.