येळवसीनंतर

चि. माईस अनेक आशीर्वाद.

येळवसीच्या अमावस्येला शेतात, कडब्याच्या कोपीजवळ जेवायला बसलो असताना तू मला तुझी किडनी देण्याची गोष्ट काढलीस आणि मी पाहुण्यांसमोर तुझ्यावर ओरडलो, त्याला आता तीन आठवडे होत आले. आंबिलीचा पेला तसाच ठेवून तू उठलीस आणि त्याच संध्याकाळी पुण्याला निघून गेलीस. तेव्हापासून फोनवर आपण दोघे माझ्या वजनाचे आणि रक्तदाबाचे आकडे तेवढे बोलतो. जे तोंडाने सांगता आले नाही ते लिहून सांगावे म्हणून हे पत्र.

आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास, डाव्या हातात दोन सुया घेऊन मी डायलिसिसच्या मशीनशेजारी पडून असतो. पहिले वर्ष मी त्या तासांत केवळ नशिबाला बोल लावला. आता स्वतःकडे पाहतो, आणि जे दिसते ते सुखाचे नाही. एकतीस वर्षे मी मुलांना विज्ञान शिकवले, प्रत्येक किडनीत रक्त गाळणारे सुमारे 10 लाख नेफ्रॉन असतात हे दरवर्षी फळ्यावर लिहिले, आणि घरी आल्यावर ‘आज डोके दुखत नाही’ म्हणून रक्तदाबाची गोळी डबीतच राहू दिली. वाढलेला रक्तदाब किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे खराब करत जातो आणि बहुतेक काम थांबेपर्यंत माणसाला काही जाणवत नाही, हे मला ठाऊक होते. तुझी आई गोळीची आठवण करून देई तेव्हा मी तिच्यावरही असाच ओरडत असे. हे मी आजवर कोणाजवळ कबूल केलेले नाही.

डॉक्टरांनी मला दिवसाला एक लिटर पाणी ठरवून दिले आहे. आई सकाळी बाटली भरून ठेवते आणि चहा, ताक, गोळीबरोबरचा घोट, जे काही पोटात जाईल तेवढे पाणी बाटलीतून तुळशीला घालते. 1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. तुझी आजी दिवसभर खडी फोडून, पदरात माझ्यासाठी सुकडी बांधून आणत असे आणि घागरीतले पाणी प्रत्येकाला पेल्याने मोजून देत असे. मला ते मोजणे कंजूषपणाचे वाटे व मी रडत असे. आज त्या बाटलीकडे पाहताना तिचे मन कळते. उद्याचा दिवस उगवणार आहे हे तिने धरून ठेवले होते, म्हणून ती आजचे पाणी राखत होती. मला आजारात जी काही आशा सापडली ती याच जातीची आहे. ती मोठी नाही, पण रोज सकाळी भरता येते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. एका डायलिसिसला मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबाने सुमारे 120 लिटर द्रव, म्हणजे बहुतेक शुद्ध पाणीच, माझ्यासाठी वाहून जातो. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात मी हे घेतो. तिथल्या सिस्टरची मेहनत घेतो, तुझ्या आईची झोप घेतो. इतक्या जणांकडून घेणारा मी तुलाच ‘मला काही नको’ म्हणून कसे सांगितले? त्या दिवशी मी त्याला माया म्हटले, आणि त्यात माया होतीही. पण त्याहून अधिक, लेकीपुढे हात पसरण्याची लाज होती. बापाने द्यायचे असते एवढेच मला येते. तुझा पेला तसा राहिला तो माझ्या या ताठ्यामुळे.

याचा अर्थ मी होकार दिला असा घेऊ नकोस. रक्तदाब आपल्या घराण्यात आहे. माझ्या वडिलांनाही होता. म्हणून आधी तुझी तपासणी तुझ्यासाठी झाली पाहिजे, आणि त्यात किंचितही शंका निघाली तर विषय तिथेच थांबेल. एक किडनी दिल्यावर दुसरी बरेचसे काम उचलते हे खरे असले, तरी तुझे पुढचे आयुष्य माझ्या उरलेल्या वर्षांहून मोठे आहे. मृत्यूनंतर दान केलेल्या किडनीसाठी छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय केंद्राच्या प्रतीक्षायादीत नाव लावण्याचेही मी टाळत होतो. ते कागद आता भरायला घेतले आहेत.

मंगळवार, गुरुवार आणि शनिवार माझे मशीनचे दिवस आहेत. तू रविवारी ये, म्हणजे सोमवारी आपण दोघे मिळून डॉक्टरांना भेटू आणि तुला जे विचारायचे ते माझ्यासमोर विचार. मी मध्ये बोलणार नाही. कोपी अजून उभी आहे आणि ज्वारी हुरड्याला आली आहे. त्यातला मूठभर मला चालेल का, तेही विचारून घेऊ.

तुझे,
अण्णा