वागळे इस्टेटमधल्या कातारीकाकांना

काका, नमस्कार.

मी ती क्रोसाँवाली, म्हणजे लोण्याचे पदर असलेला तो फ्रेंच पाव करणारी. तुम्हाला ते नाव उच्चारता येईना तेव्हा तुम्ही ‘पदरवाली खारी’ म्हणालात, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त बरोबर आहे. हे पत्र तुमच्या मुलाने वाचून दाखवावं म्हणून लिहितेय. फक्त लेथ बंद असताना.

तुम्ही दिलेल्या लाटण्याने काल पहिल्यांदा पीठ लाटलं. ओव्हनचं दार उघडलं आणि पदर मोजता येतील इतके सुटे दिसले. मी स्वयंपाकघरातच रडले. घरच्यांना वाटलं हात भाजला.

पोळीचं लाटणं मध्ये फुगीर असतं. पोळी त्याखाली गरगर फिरते, तिला तेच हवं. पण या पिठात लोणी घडी करून भरलेलं असतं. तीनपदरी घडी तीनदा घातली की लोण्याचे २७ पदर होतात. फुगीर लाटण्याने मधले पदर चिरडतात आणि कडेला जाड पट्टा उरतो. त्यात ठाण्याचा उकाडा, हात जरा रेंगाळला की लोणी पाघळून ओट्यावर. मला हवं होतं ते सरळ, जड, दीड फुटी, टोकांना निमुळतं लाटणं.

एवढ्यासाठी काय काय ऐकलं! भांड्यांच्या दुकानात, “मॅडम, सगळ्या बायका हेच नेतात.” एका फर्निचरवाल्याने ॲडव्हान्स घेतला, आठवडेच्या आठवडे ‘उद्या या’ केलं आणि शेवटी सागाचा उरलेला तुकडा घासून, वर चकचकीत व्हार्निश फासून हातात दिला. ओट्यावर ठेवला तर डुगडुगत गेला. तक्रार केली तर म्हणे, “लाटणंच आहे ना, त्यात काय एवढं?”

त्यात काय एवढं ते तुमच्याकडे कळलं. तुम्ही शिसवीच्या तीन फळ्या बाजूला टाकल्यात, कारण रेषा तिरप्या होत्या. पुढे बाक येईल म्हणालात. व्हार्निशचं नाव काढलं तर हसलात. केमिस्टकडून लिक्विड पॅराफिन आणा, खायचं तेल लावू नका, खवट होतं, एवढं सांगून पुन्हा कामाला लागलात.

पण पत्र त्यासाठी नाही.

अर्धवट कातलेला दांडा तुम्ही माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, “फळीवर लाटून दाखवा.” माझ्या डाव्या हाताची दोन बोटं जुन्या फ्रॅक्चरनंतर पुरती मिटत नाहीत. मी लाटत होते आणि तुम्ही फक्त हातांकडे बघत होतात. मग कानावरची पेन्सिल काढून डावा तळवा टेकतो तिथे एक रेघ मारलीत, दांडा परत लेथवर चढवलात आणि तेवढंच टोक जास्त बारीक केलंत. “आता बघा.” बस्स. बोटांना काय झालं, कसं झालं, अरेरे, काही नाही.

काका, बोटांबद्दल हळहळणारी माणसं मला रोज भेटतात. लोकलमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा कोणत्या देवाला नवस बोलायचा ते सांगते. त्यांचं मन वाईट नसतं, पण त्या हळहळीने बरणीचं झाकणसुद्धा उघडत नाही. न विचारता, न बोलता समोरच्याची अडचण आपल्या कामात सामावून घेणं याला मी सभ्यपणा म्हणते. तो चांगल्या कपड्यांत किंवा गोड बोलण्यात असेलच असं नाही; मला तो भुशाने भरलेल्या गाळ्यात भेटला. एमआयडीसी १९६२ साली सुरू झाली ती तुमच्या या वसाहतीपासून. आता आजूबाजूला काचेच्या इमारती आल्यात, तिथे गेटवर माझं नाव, नंबर, फोटो सगळं घेतात आणि तरी कोणी नीट बघत नाही.

शनिवारी मैत्रिणीला घेऊन येतेय. ती डावखुरी आहे, तिलाही लाटणं हवंय. तुमच्यासाठी पदरवाली खारी आणीनच. आणि मजुरी या वेळी नीट सांगा. मागच्या वेळी घेतलीत ती मला पटलेली नाही, आणि त्यावरून मी तुमच्या गाळ्यात उभी राहून भांडणार आहे.