हतनूरचे पाणी कोणत्या महिन्यात तपासायचे? जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

धरणातले पाणी हिरवे दिसले की तक्रार होते, नमुना घेतला जातो आणि मृग बरसला की विषय मागे पडतो. तापी नदीवरील हतनूर धरणासारख्या जलाशयासाठी ही पद्धत अपुरी आहे, असे माझे मत आहे.

उष्ण कटिबंधात ऊन बारमाही असल्याने शेवाळाचा हंगाम मुख्यतः वारा आणि पाऊस ठरवतात. आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात मे ते सप्टेंबरच्या कोरड्या ऋतूत आग्नेय वारे वरचे पाणी उत्तरेकडे लोटतात, दक्षिण टोकाला तळाचे पोषक पाणी वर येते आणि शेवाळ फोफावते. सुमारे ८० मीटर खोल व्हिक्टोरिया सरोवरात जून ते ऑगस्टच्या सुमारास पाणी ढवळले जाते, तेव्हा डायटम (सिलिकाचे कवच असलेले सूक्ष्म शेवाळ) वाढतात. पाणी न ढवळता त्याचे थर स्थिर झाले की नील-हरित शेवाळाचे फावते.

हतनूर त्यामानाने उथळ, शिवाय गाळाने भरत चाललेले. पावसाळ्यात तापी-पूर्णेचे गढूळ पाणी ४१ दरवाजांतून वाहत असताना शेवाळाला ना प्रकाश मिळतो, ना थारा. दिवाळीनंतर पाणी निवळते. पुढे आवर्तनांमुळे पातळी खालावते, शेतांतून आणि गावांच्या सांडपाण्यातून आलेले नत्र व स्फुरद उरलेल्या कोमट पाण्यात साचून राहते आणि वैशाखातल्या निवांत सकाळी नील-हरित शेवाळ आपल्या पेशींतील वायूच्या पोकळ्यांमुळे वर तरंगते. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की हीच साय धरणाच्या भिंतीपासून दूर, फुगवट्याकडे सरकते, त्यामुळे भिंतीजवळ घेतलेला नमुना निर्दोष निघू शकतो. (प्रयोगशाळेचा यात काहीच दोष नसतो.)

नील-हरित शेवाळाच्या काही जाती मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष तयार करतात. ते उकळून नष्ट होत नाही. दीर्घकाळ पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने त्यातील मुख्य प्रकाराची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम सुचवली आहे. मोरचूद टाकल्याने पेशी फुटून विष एकदम पाण्यात उतरते, म्हणून घाईचा तो उपाय कृपया टाळावा.

माझी विनंती अशी की, हतनूर, वाघूर आणि गिरणा या धरणांत दरमहा, तर फेब्रुवारी ते जून दर पंधरवड्याला, ठरलेल्या ठिकाणी आणि निरनिराळ्या खोलीवर नमुने घ्यावेत. नमुन्याची वेळ व वाऱ्याची दिशा नोंदवावी. आणि पिण्याचे पाणी कोणत्या पातळीवरून उचलायचे, हे त्या नोंदींवरून ठरवून निष्कर्ष संबंधित नगरपालिका व ग्रामपंचायतींना त्याच आठवड्यात कळवावेत.

आपला नम्र,
भुसावळ तालुक्यातील एक नागरिक