दिन्यानं माझं कर्ज फेडलं

सांगली, शनिवार

प्रिय अन्या,

तब्येत ठीक. माझी साखर आहे तिथंच आहे, हिचा गुडघा आहे तिथंच आहे. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 40 फुटांच्या बरंच खाली, त्यामुळं वह्यांचे गठ्ठे अजून माळ्यावर चढवले नाहीत. आता मुद्द्याचं. फोनवर मुद्दाम सांगत नाही, तू मधेच खिदळशील आणि मग मला चिडावं लागेल.

दिन्यानं माझं कर्ज फेडलं.

परत वाच. दिन्यानं! ज्यानं 1992 साली तुझी यझदी मोटरसायकल नेली आणि साडेचार हजार अजून 'पुढच्या महिन्यात' देतोय, त्यानं. आणि मला कर्जच नाही.

झालं असं, की मला फोन सुरू झाले. 'वसुली विभागातून बोलतोय. दिनकररावांनी ॲपवरून कर्ज उचललंय, तुम्ही जामीनदार. संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर माणसं दुकानावर येतील.' आधी साहेब, मग अरेतुरे, मग आईबहीण. पहाटे सहाला फोन, रात्री साडेदहाला फोन. बँक कुठली विचारलं तर 'हेड ऑफिस'. कर्जखात्याचा नंबर विचारला तर शिवी. पैसे भरायला क्यूआर पाठवला, तो उघडला तर कुण्या बाईचं नाव. वर व्हॉट्सॲपवर अटक वॉरंट, अशोकस्तंभासकट! गड्या, मी रबरी शिक्के विकून पोट भरतो. तिन्ही पानांवर शिक्का त्याच जागी, तेवढाच तिरका. हातानं मारलेला शिक्का असा बसतो होय? आणि जामीनदाराला सही लागते. मी हिच्या भिशीच्या वहीतसुद्धा सही करत नाही.

आमचे जावई पतसंस्थेत आहेत, त्यांनी पक्कं सांगितलं. खऱ्या वसुलीवाल्याला सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही, रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्ये तसं बजावलंय. बँकेचं अधिकारपत्र त्याच्याकडं असावं लागतं. आणि नुसतं कर्ज थकलं म्हणून पोलीस कुणाला उचलत नाहीत, तो दिवाणी मामला.

म्हणजे खोटं, हे कळलं. तरी मनात आलंच, की दिन्यानं खरंच काही उचललं असेल तर? ती चोरटी ॲप फोनमधले सगळे नंबर ओढून घेतात आणि मग ओळखीपाळखीत बोंब मारतात. दिन्या म्हटल्यावर तुलाही हेच वाटलं असतं, खोटं बोलू नकोस. पण विचारायचं कसं? तू 1998 च्या गणपतीत विचारलंस, त्याच्या सासऱ्यासमोर. पैशाच्या बाबतीत तू बरोबर होतास, हे मी शंभरदा कबूल केलंय. सासऱ्यासमोर बोललास ते चूकच, हेही शंभरदा सांगितलंय. तेव्हा मी गप्प बसलो.

तेवढ्यात हा पठ्ठ्या दुकानात येऊ लागला. एक पेन्सिल घ्यायची आणि तासभर स्टुलावर बसायचं. 'धंदा बराय ना? पोराच्या फीचं भागलं ना? काही लागलं तर सांग.' मला वाटलं, हा उसने मागायच्या वाटेवर आहे. तो आला की मी गल्ल्याला किल्ली लावायचो!

मग एके दिवशी म्हणाला, 'सुध्या, पुढचा हप्ता तूच बघ बाबा, माझ्याकडं आता नाहीत.'

कुठला हप्ता?

तर त्याला तेच फोन. फक्त त्यात कर्ज माझं आणि जामीनदार तो. माझ्या चेहऱ्याचे घाणेरडे फोटो करून सगळ्यांना पाठवू म्हणाले, तर यानं दोनदा मिळून 6,000 भरले. मला का नाही विचारलंस म्हटलं, तर म्हणे, 'तुला लाज वाटली असती.'

यावर काय बोलतोस, बोल.

माझा क्रेडिट रिपोर्ट काढला (वर्षातून एकदा फुकट मिळतो), छापून त्याच्या हातात दिला. कर्ज शून्य. त्यानं तो चष्मा लावून दोनदा वाचला, मग म्हणाला, 'बरं झालं.' पैसे गेल्याचं अक्षरही नाही.

माझी तक्रार मी केली. पैसे गेले नसतील तर दूरसंचार खात्याच्या संचार साथी संकेतस्थळावर चक्षू म्हणून सोय आहे, तिथं नंबर आणि स्क्रीनशॉट टाकले. धमक्यांचा अर्जही पोलिसांत दिला. पण दिन्याचे पैसे गेलेत, त्याला 1930 लाच, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनलाच, फोन करायला हवा. लगेच केला असता तर समोरच्या खात्यात पैसे अडवता आले असते. अजूनही तक्रार नोंदवता येते, पण हा हटून बसलाय. ते 6,000 वहिनींच्या भिशीचे, त्यांना कळेल म्हणून. मी देऊ केले तर उसळला, 'तुझं कर्ज होतं का ते?' एकदा भरणाऱ्याला ते लोक सोडत नाहीत रे. आता अनोळखी फोन उचलत नाही, पण रात्री मेसेज वाचत बसतो. तो तिसऱ्यांदा भरेल, या धास्तीनं माझी झोप उडालीय.

म्हणून तू त्याच्याशी बोल. माझं ऐकणार नाही, माझ्यावर त्याचा जीव आहे. तुझ्यावर राग आहे, तुझं ऐकेल. सांग, मेसेज पुसू नकोस, बँकेतून व्यवहाराचा नंबर घे आणि 1930 फिरव. वहिनींना आम्ही दोघं मिळून सांगू. यझदीचं नाव काढायचं नाही.

तुझं काय? निवृत्तीचे कागद झाले का? मुलीचं जर्मनीचं ठरलं म्हणे, छान झालं. वहिनींना नमस्कार. भडंग पाठवतोय, डबा परत कर.

तुझा,
सुध्या

ता.क. दिन्याचा नंबर मागं लिहिलाय. तुझा नंबर त्याच्याकडं नाही, तेव्हा आधी मेसेज टाकून नाव सांग. नाहीतर वसुलीवाला समजून उचलणार नाही. तसा तू आहेसच म्हणा.