नंबर लावल्याशिवाय सिनेमा मोठा होत नाही का?

संपादक महोदय,

सर्वोत्तम अमेरिकन सिनेमांवरचा तुमच्या पुरवणीतला लेख आवडला, पण 'सिटिझन केन' पहिला म्हणजे पहिलाच, आता वाद नको, असा जो सूर आहे ना तिथेच घोडं पेंड खातं. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने १९९८ ला मतं घेऊन शंभर सिनेमांची यादी काढली, २००७ ला परत काढली, दोन्ही वेळा केनच टॉपला, मान्य. (१९४१ च्या या सिनेमाला ऑस्कर मिळालं ते एकच, तेही पटकथेचं, हे जाता जाता.)

पण खाली काय उलथापालथ झालीय बघा. हिचकॉकचा 'व्हर्टिगो' ६१ वरून ९ वर, जॉन फोर्डचा 'द सर्चर्स' ९६ वरून डायरेक्ट १२ वर, आणि बस्टर कीटनचा 'द जनरल', १९२६ चा मूकपट, तो आधी शंभरात पण नव्हता आणि नऊ वर्षांनी एकदम १८ वा! सिनेमात तर एक फ्रेम बदलली नाही, मग मोजलं काय नक्की? मतं देणाऱ्यांचा मूडच ना.

मूकपटांच्या काळातला दिग्दर्शक ग्रिफिथ, त्याचं प्रकरण तर अजून भारी आहे. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवाद्यांच्या हिंसक संघटनेला हिरो करणारा त्याचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' आधी ४४ वा होता, २००७ ला गायब, आणि त्याचाच 'इन्टॉलरन्स' ४९ वर हजर. गौरवाच्या यादीतून तो गेला हे बरंच झालं असं माझं मत, पण इतिहासातून कसा काढणार, तंत्र तर त्याच्याकडूनच कितीजण शिकले.

म्हणून मला लायब्ररी ऑफ काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची, नॅशनल फिल्म रजिस्ट्री (जपून ठेवायच्या सिनेमांची यादी) जास्त पटते, दरवर्षी २५ सिनेमे, किमान दहा वर्षं जुने, आणि नंबर कोणालाच नाही. तिथे 'बर्थ ऑफ अ नेशन' पण आहे, राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येची, तिथे हजर असलेल्या झाप्रुडर या सामान्य माणसाने घेतलेली ती काही सेकंदांची फिल्म पण आहे, कारण महत्त्वाचं असणं आणि लाडकं असणं वेगळं. आणि गंमत म्हणजे १९८९ च्या पहिल्याच २५ मध्ये केन, व्हर्टिगो, सर्चर्स, जनरल, इन्टॉलरन्स सगळे एकाच रांगेत बसलेत, कोणी ९६ वा नाही की कोणी बाहेर नाही.

तेव्हा पुढच्या वेळी टॉप टेन नको, त्या २५ मधले पाच-सहा घ्या आणि प्रत्येकात नेमकं काय बघायचं ते लिहा, 'द जनरल'पासून सुरू केलंत तर फारच छान.

आपला,
एक नियमित वाचक