उंदरांचं लिव्हर आणि तुझा प्रश्न

प्रिय दोस्ता,

पत्राला उशीर झाला, शिव्या दिल्या असशील. महिनाभर काळमेघ या कडू औषधी वनस्पतीच्या नमुन्यांनी मला लॅबमधून सोडलंच नाही, आणि नेमकं तुझ्या पत्रातही तेच! ‘एसजीपीटी जरा वाढलंय, काळमेघ लिव्हरला चांगला म्हणतात, रोज घेऊ का?’ (एसजीपीटी म्हणजे लिव्हरच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम.) फोनवर नुसतं ‘नको’ म्हटलं असतं तर ‘का’ विचारून डोकं खाल्लं असतंस.

आधी तुझ्या पुडीत काळमेघच आहे का, इथून सुरुवात. या दुकानांत नावांची अदलाबदल चालते; काडेकिराईत या दुसऱ्या कडू वनस्पतीच्या नावाने काळमेघ खपवणं जुनंच आहे. दोन्ही कडूजहर, जिभेला काय कळणार? आम्ही पानांची भरड मेथनॉलमध्ये सॉक्सलेटला, म्हणजे अर्क काढायच्या काचेच्या उपकरणाला, लावली. वजन करताना उडालेली भुकटी मास्कमधून ओठांवर बसली, संध्याकाळपर्यंत तोंड कडू. टीएलसीच्या, म्हणजे अर्कातले घटक वेगवेगळ्या डागांत सुटे करणाऱ्या, प्लेटवर काळमेघातल्या अँड्रोग्राफोलाइड या मुख्य कडू घटकाचा डाग प्रमाणित नमुन्याच्या बरोबरीने चढला, तेव्हा जीव भांड्यात पडला. तो घटक किती आहे ते एचपीएलसी हे यंत्र सांगतं. शिसं, आर्सेनिक, बुरशीचं विष हे वेगळं तपासायचं. शिशाची मर्यादा 10 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा.

मग सुरक्षितता. ओईसीडी 423 या विषारीपणा तपासायच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत एका वेळी तीन उंदीर, किलोमागे 2000 मिलिग्रॅमपर्यंतचा एकच डोस आणि 14 दिवस पहारा. सगळे जगले की लोक ‘निर्धोक’ म्हणून मोकळे होतात. अरे, एका डोसाने मेला नाही, एवढंच कळलं! रोज घेण्याचं विचारायचं तर 28 किंवा 90 दिवसांची चाचणी लागते.

लिव्हरच्या चाचणीत उंदरांना काही दिवस अर्क देतात, मग पॅरासिटामॉलचा जबर डोस. एका गटाला अर्काऐवजी तुलनेसाठी सिलिमरिन हे लिव्हरसाठीचं माहीत असलेलं औषध. शेवटी रक्त काढून एसजीपीटी, तसंच दुसरं एन्झाइम एसजीओटी, काविळीत वाढणारं बिलिरुबिन, आणि लिव्हरचा काप सूक्ष्मदर्शकाखाली. इथे मी माती खाल्ली. सिरिंज घाईने ओढली, तांबड्या पेशी फुटल्या आणि पिवळसर यायचं ते सिरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) गुलाबी आलं. एसजीओटी तांबड्या पेशींतही असतं, त्यामुळे ज्याला विष दिलंच नव्हतं त्या उंदराचा आकडाही चढला. नमुना फेकला.

पण खरी गोम पुढेच आहे. पॅरासिटामॉल स्वतः फारसं विषारी नाही. लिव्हरमधली एन्झाइमं त्याचा काही भाग एनएपीक्यूआय नावाच्या विषात बदलतात. ते पेशींचं रक्षण करणारं ग्लुटाथायोन संपवतं आणि मग पेशी मरतात. अर्काने ती एन्झाइमंच दाबली तर विष तयारच होत नाही. एसजीपीटी खाली राहतं आणि आम्ही ‘यकृतरक्षक’ लिहून मोकळे. गोळी सुटलीच नाही, आणि कौतुक चिलखताचं! म्हणून अर्क विषानंतर देऊनही पाहावा लागतो, आणि हे काम बरेच जण टाळतात. मीही पहिल्या आराखड्यात टाळलंच होतं.

आता तुझं. उद्या विष घ्यायचंय म्हणून काही तू आज अर्क घेत नाहीयेस. तुझं एसजीपीटी कशाने तरी आधीच वाढलंय, आणि ते कशाने हे उंदीर सांगणार नाही. शिवाय तुझ्या चालू गोळ्यांपैकी काही त्याच एन्झाइमांच्या हातून निघत असल्या आणि अर्काने ती दाबली, तर त्या रक्तात जास्त वेळ रेंगाळतील. डॉक्टरांना गोळ्यांसोबत पुडीही दाखव, लपवू नकोस.

आणि उरलेली फेकू नकोस. चमचाभर इकडे पाठव, प्लेटवर लावून बघतो.

तुझाच,
लॅबवाला