‘सापडले नाही’ हीदेखील बातमी आहे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

क्वांटम तंत्रज्ञानाविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते ते बहुतेक संगणकाभोवतीच फिरत असते: क्युबिट (क्वांटम संगणकाचे माहिती साठवणारे मूलभूत घटक) किती झाले, बँकांची सांकेतिक कुलपे कधी उघडली जाणार, कोणत्या कंपनीने कोणाला मागे टाकले. याच तंत्रज्ञानाची मोजमापाची शाखा विश्वाविषयीच्या मूलभूत प्रश्नांना आजच हात घालते आहे. तिची दखल मात्र क्वचितच घेतली जाते, म्हणून हे पत्र.

गंमत अशी की, संगणक बांधणाऱ्यांना जी गोष्ट सर्वांत जाचक वाटते, तीच इथे उपयोगी पडते. क्वांटम अवस्था, म्हणजे अणू किंवा प्रकाशकणांसारख्या अतिसूक्ष्म वस्तूंची स्थिती, कमालीची हळवी असते आणि आसपासच्या किंचित हालचालीनेही बिघडते. पण जे इतक्या सहज बिघडते, त्याच्याइतके संवेदनशील मोजयंत्र दुसरे कोणते असणार? अमेरिकेतील ‘जिला’ या संस्थेत 2022 साली सुमारे एक लाख अतिशीत स्ट्रॉन्शियम अणूंचा जेमतेम एक मिलिमीटर उंचीचा पुंजका लेसरच्या जाळीत धरून ठेवला गेला आणि त्याच्या तळाशी काळ माथ्यापेक्षा संथ चालतो, हे आइन्स्टाइनचे भाकीत तेवढ्या अंतरातही मोजता आले. वृत्तपत्रातल्या छापील अक्षराची उंचीदेखील याहून जास्त असते.

अवकाश-काळात उठणारे तरंग, म्हणजे गुरुत्वीय लहरी, टिपणाऱ्या अमेरिकेतील ‘लायगो’ या वेधशाळेचे उदाहरण मला याहून बोलके वाटते. गुरुत्वीय लहरींमुळे तिथल्या लेसर प्रकाश खेळवणाऱ्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांत होणारा बदल प्रोटॉन या अणुकेंद्रातील कणाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो आणि तो टिपताना प्रकाशाची स्वतःची क्वांटम अनिश्चितताच आड येते. ती नाहीशी करता येत नाही. पण घरातला पसारा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ढकलावा, तशी ती जे मोजायचे आहे त्यातून काढून जे मोजायचे नाही त्यात ढकलता येते. 2019 पासून तिथे अशा ‘स्क्वीझ्ड’ (दाबलेल्या) प्रकाशाचा नियमित वापर सुरू झाला. पुढे दुसऱ्या खोलीतला पसाराही नडू लागला, कारण प्रकाशाच्या तीव्रतेतील चढउतारांनी भुजांमधले 40 किलोचे आरसेच किंचित हलत होते. त्यावर उपाय म्हणून, कोणत्या कंप्रतेला पसारा कोणत्या खोलीत ढकलायचा हे ठरवणारी 300 मीटर लांबीची खास पोकळी जोडावी लागली.

हीच युक्ती वापरून अमेरिकेतील ‘हेस्टॅक’ प्रयोगाने कृष्णद्रव्याचा (न दिसणाऱ्या, पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याचा) संभाव्य कण असलेल्या अ‍ॅक्सिऑनचा शोध दुप्पट वेगाने केल्याचे 2021 मध्ये जाहीर केले. अ‍ॅक्सिऑन काही सापडला नाही. इलेक्ट्रॉनमधील विद्युतभार किंचित तरी एका बाजूला झुकलेला आहे का, हे पाहणाऱ्या 2023 च्या अत्यंत काटेकोर मोजणीतही तसे काही दिसले नाही. अशा निकालांना बातमीमूल्य नाही असे मानले जाते, ते मला पटत नाही. विश्वात प्रतिद्रव्यापेक्षा (द्रव्याच्या उलट विद्युतभाराच्या जुळ्या रूपापेक्षा) द्रव्य अधिक का उरले, याची उत्तरे देऊ पाहणारे अनेक सिद्धान्त इलेक्ट्रॉनमध्ये असा झुकाव असेल असे सांगतात; त्यांना या एका ‘नाही’मुळे अंग चोरावे लागले आहे.

सूक्ष्म धूलिकणाएवढ्या दोन वस्तू केवळ परस्परांच्या गुरुत्वाकर्षणामुळे क्वांटम गुंतणीत (एकीची अवस्था दुसरीपासून वेगळी सांगताच येऊ नये अशा नात्यात) येतात का, हे तपासण्याचा प्रस्ताव 2017 मध्ये मांडला गेला. त्या आल्या, तर गुरुत्वाकर्षणही क्वांटम स्वरूपाचे असले पाहिजे, असा त्यामागचा युक्तिवाद आहे. तो प्रयोग अजून कोणाला साधलेला नाही. पण त्याचा निकाल येण्याची वाट न पाहता, तो इतका अवघड का आहे हे सांगणारा एखादा सविस्तर लेख आपल्या विज्ञानविषयक पानावर द्यावा, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक